ओळंब्याची वाकडी दोरी

ता. ३ मार्च

ती. मामाच्या सेवेशी,
रागाने धुमसत असलेल्या भिंगरीचा सा. न. वि. वि.

हे पत्र हाताने लिहिते आहे, कारण कळफलकावर राग काढला तर तो मोडेल आणि तो संस्थेचा आहे. फोन करणार होते, पण तूच म्हणतोस की फोनवर धड भांडता येत नाही, समोरचा मध्येच ठेवून देतो. म्हणून हे कागद.

माझं काम तुला मागे एकदा सांगितलं होतं, तेव्हा तू दुकानात कुणाच्या तरी चष्म्याची काच घासत होतास आणि नुसतं हं हं करत होतास. पुन्हा सांगते. आम्ही दुर्बिणीला डोळा लावून बसत नाही. दुर्बीण लांब डोंगरावर आहे, तिच्या कॅमेऱ्याने काढलेले फोटो आमच्याकडे येतात आणि मी चौथ्या मजल्यावर, न उघडणाऱ्या खिडकीपाशी बसून दिवसभर त्यातल्या दीर्घिका मोजते. एकेका दीर्घिकेत अब्जावधी तारे असतात, पण फोटोत ती कणीएवढीही दिसत नाही. कुठली किती लांबट आहे आणि कुठल्या बाजूला कललेली आहे, एवढंच माझं मोजमाप. त्या इतक्या लांब आहेत की त्यांचा प्रकाश आपल्याकडे येताना वाटेत एखादं प्रचंड वजन लागलं, तर त्याच्या ओढीने प्रकाश वाकतो आणि मागच्या दीर्घिका त्या वजनाभोवती किंचित ताणलेल्या दिसतात. याला गुरुत्वीय भिंग म्हणतात. ते वजन स्वतः दिसलंच पाहिजे असं मुळीच नाही. त्यातून उजेडाचा कणही येत नसला, तरी मागचं सगळं वाकलेलं दिसतं म्हणून तिथे काहीतरी आहे हे कळतं.

तर मला असा एक तुकडा सापडला आहे. फोटोत तिथे जवळजवळ काळोखच आहे. पण त्याच्याभोवतीच्या नऊशे दीर्घिका सात महिने बसून मोजल्या, आणि त्या सगळ्या मिळून त्या काळोखाभोवती कडं करून उभ्या आहेत. एकेकटीचं काही खरं नसतं, कुठलीही दीर्घिका जात्याच लांबट असू शकते. पण नऊशेजणी ठरवून एकाच काळोखाभोवती कलत नाहीत.

आणि सोमवारच्या बैठकीत आमच्या विभागप्रमुखांनी माझा तुकडा दोषांच्या यादीत टाकला! यांना आम्ही इस्त्रीसाहेब म्हणतो, कारण शर्टावर आणि फोटोवर त्यांना एकही सुरकुती चालत नाही. म्हणाले की आकाशात काही नाही, कॅमेऱ्याचीच काच त्या कोपऱ्यात वाकवते. वर सगळ्यांदेखत म्हणाले की माणसाला जे हवं असतं तेच दिसतं. यादी महिनाअखेर कायम होईल, मग तो तुकडा पुन्हा कुणी उघडणार नाही. कॅमेरा तपासला का, तर नाही. मोजलं का, तर नाही. नुसतं वाटलं आणि फुली मारली. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. आणि मी काय केलं? मूग गिळून बसले. त्याचाच जास्त राग येतो आहे.

मामीला नमस्कार. तिचा गुडघा कसा आहे ते तिने स्वतः कळवावं, तुझ्या पत्रात तो नेहमीच ठीक असतो.

लोभ आहे तेवढा ठेव, राग मात्र माझ्या वाटचा तूही थोडा कर.
तुझी,
भिंगरी


ता. १२ मार्च

चि. भिंगरीस,
मामाचे अ. उ. आ., आणि तुझ्या त्या इस्त्रीला माझ्याकडून काहीच नाही.

पत्र वाचून दिवसभर काम सुचलं नाही. मामीने विचारलं काय झालं, तर तिला सांगितलं की आपल्या पोरीच्या नऊशे दीर्घिका एका माणसाने कचऱ्यात टाकल्या. तिला नीटसं कळलं नाही, पण तीही भडकली. या बाबतीत ती पक्की आहे, आधी बाजू घेते, मग प्रकरण समजून घेते.

आता नीट ऐक. मी चाळीस वर्षं चष्म्याच्या काचा घासतो आहे, तेव्हा भिंगाबद्दल मला शिकवायला इस्त्रीची गरज नाही. गिऱ्हाईक चष्मा परत घेऊन येतं आणि म्हणतं की फरशी वाकडी दिसते. तेव्हा मी काय करतो? वाद घालत नाही. काच हातात घेतो, तिच्यातून समोरच्या खिडकीचा गज बघतो आणि काच हळूहळू फिरवतो. गजाचा वाक काचेबरोबर फिरला तर दोष काचेत. काच फिरली आणि वाक जिथल्या तिथे राहिला, तर गजच वाकडा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. हे न करता जो काचेवर नाहीतर गजावर खापर फोडतो, त्याला आमच्या धंद्यात कुणी पायरीवर उभं करत नाही.

तुमच्या कॅमेऱ्याला कधी कुणी फिरवलं आहे का, ते शोध. जुने फोटो काढ. तो तुकडा फोटोच्या दुसऱ्या कोपऱ्यात आलेला एखादा तरी फोटो असेल. वाक कॅमेऱ्याच्या कोपऱ्याला चिकटून बसला तर इस्त्री बरोबर, आपण शेपूट घालायची. आकाशाला चिकटून राहिला तर त्याच बैठकीत, त्यांच्याच देखत, उभी राहून सांग. आवाज खाली ठेव. मोठ्या आवाजाने आपलंच म्हणणं लहान होतं.

इकडे माझंही डोकं फिरलेलं आहे. दुकानाच्या दाराची चौकट कुजली होती म्हणून सुताराकडून नवी बसवून घेतली. माणूस वीस वर्षं ओळखीचा. आणि चौकटीला मध्यभागी पोट आणून ठेवलं आहे! आमच्या रीतीप्रमाणे उजवा डोळा मिटून डाव्याने नेम धरून पाहिलं तर बरोबर मध्ये फुगवटा. त्याला बोलावलं. हात फिरवून म्हणाला, सरळ आहे. दुसऱ्यांदा बोलावलं, तरी सरळ आहे. तिसऱ्यांदा आला तो तोंड वाकडं करूनच आला, म्हणजे निदान काहीतरी वाकडं आहे हे त्याने कबूल केलं.

सरळ रेघ मारायची कुणाला लाजच राहिलेली नाही. ही वहीच बघ. कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी आणली, तर पानाच्या मध्यावर रेघा एकमेकींत शिरल्या आहेत. माझं अक्षर वरखाली दिसत असेल, त्याचा दोष छापणाऱ्याला दे.

मामीचा गुडघा ठीक आहे.

तुझं काय होतं ते कळव. तोपर्यंत माझा जीव टांगणीला आणि तुझ्यावरचा लोभ जागेवर.
मामा


ता. २७ मार्च

ती. मामास,
विजयी भिंगरीचा सा. न., यावेळी ताठ मानेने.

सापडले! दोन वर्षांपूर्वी दुरुस्तीच्या वेळी कॅमेरा पाव फेरी फिरवून बसवला होता आणि सहा आठवडे तसाच होता. तेव्हाचे फोटो कुणी बघितलेच नव्हते, कारण ते सरळ नव्हते ना! त्यात माझा तुकडा दुसऱ्याच कोपऱ्यात, डावीकडे खाली आला आहे. नऊ दिवस पुन्हा सगळं मोजलं. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीकडून, मी काय शोधते आहे ते न सांगता, अर्ध्या दीर्घिका वेगळ्या मोजून घेतल्या, म्हणजे माणसाला जे हवं असतं तेच दिसतं हा शेरा पुन्हा कुणी मारायला नको. कॅमेरा फिरला, वाक आकाशातच राहिला.

बैठकीत उभी राहिले, आवाज खाली ठेवला. दोन्ही आकृत्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि काच फिरवून गज बघायची तुझी युक्ती सांगितली. तुझं नाव घेतलं नाही, आमचे एक जुने जाणकार असं म्हणाले, एवढंच म्हटलं. इस्त्रीसाहेब चष्मा काढून पुसत राहिले. आणि मग मामा, त्यांनी काय म्हणावं? म्हणाले की तिथे काहीतरी असावं अशी आपल्याला पहिल्यापासून शंका होतीच. आपल्याला! पहिल्यापासून! यादीवरून फुली काढली ती स्वतःच्या हाताने, आणि शोधनिबंधावर पहिलं नाव कुणाचं यावर पुढच्या आठवड्यात बोलू म्हणाले. बोलूच. आता मी गप्प बसणाऱ्यांतली नाही.

तिथे नक्की काय आहे ते अजून कुणालाच माहीत नाही. वजन आहे, पुष्कळ आहे आणि ते दिसत नाही. सध्या एवढ्यावर मी खूश आहे.

बिचाऱ्या सुताराला सोड आता. वीस वर्षांत त्याने तुझ्याकडे एक चष्मा केला आणि तू त्याच्याकडे तीन दारं; हिशेबाने तुझीच तक्रार जास्त होणार.

मामीला सांग की तिचा राग फार कामी आला.
लोभाबद्दल वेगळं मागत नाही, तो तुझ्याकडे पडूनच आहे.
भिंगरी


ता. ६ एप्रिल

चि. भिंगरीस,
जुन्या जाणकाराचे अ. उ. आ.

तुझं पत्र सगळ्या गल्लीला वाचून दाखवलं. शिंप्याने विचारलं की न दिसणाऱ्या वजनाचा उपयोग काय. त्याला म्हटलं, तुझ्या बायकोला विचार. इस्त्रीचं वाक्य ऐकून मात्र सगळ्यांना झोंबलं. पहिलं नाव तुझंच लागलं पाहिजे. नाहीतर मी येतो आणि चौथ्या मजल्यावर उभा राहतो.

आता माझं ऐक, म्हणजे जगात कसली माणसं भरली आहेत ते कळेल. सुतार चौथ्यांदा आला. येताना ओळंबा घेऊन आला. चौकटीच्या डोक्यावर खिळा मारला, दोरीला वजन बांधून सोडलं आणि मला म्हणाला की आता बघा. मी डाव्या डोळ्याने बघितलं. आणि काय सांगू तुला, दोरीसुद्धा वाकडी! मध्यभागी, बरोबर चौकटीसारखीच. मी म्हटलं की ओळंब्याला तरी धड दोरी वापर, ही कुठली सडकी दोरी आणलीस. त्यावर तो माझ्याकडे इतका वेळ बघत राहिला की मलाच कसंतरी झालं. मग सामान आवरून निघून गेला. उद्धटपणा तो किती!

एकटा तोच नाही. परवा मास्तरीणबाई चष्मा परत घेऊन आल्या. म्हणाल्या, पायरी उतरताना तोल जातो. काचेचा मध्य फ्रेममध्ये जिथे बसायला हवा तिथे बसला नाही, असं मापाच्या यंत्राने दाखवलं. मध्य दाखवणारा तो ठिपका मी स्वतः टाकलेला, चाळीस वर्षांत कधी चुकला नाही. यंत्रच जुनं झालं आहे. मी बाईंना दोन शब्द जास्त बोललो आणि त्या रडवेल्या होऊन गेल्या. मामी तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे.

वर्तमानपत्रवाल्यांनीही ताळतंत्र सोडलं आहे. भिंग डोळ्याला लावून वाचलं तर प्रत्येक शब्दातलं मधलं अक्षर पुसट. शाई वाचवतात की काय कोण जाणे. त्यांना पत्र लिहिलं, अजून उत्तर नाही.

तुझ्या त्या तुकड्याची आकृती पाठव, मोठी काढून. मला बघायची आहे.

रागात असलो तरी लोभ कमी झालेला नाही, तो तसाच वाढता ठेवीन.
मामा


ता. १३ एप्रिल

ती. मामास,
सा. न. आज बाकी मायना नाही.

मी रागावले आहे, आणि इस्त्रीसाहेबांवर रागावले होते त्याच्या दसपट तुझ्यावर.

मामा, वजन लावून सोडलेली दोरी वाकडी असूच शकत नाही. सडकी असो, नवी असो, सुतळी असो. हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, सुताराला माहीत आहे. म्हणूनच तो तुझ्याकडे तसा बघत राहिला.

तुझी दोन्ही पत्रं काढून टेबलावर ठेवली. त्या वहीच्या पानांवर पट्टी ठेवली, मग संस्थेतल्या यंत्रात घालून मोजलं. रेघा केसाइतक्याही हललेल्या नाहीत. तुझं अक्षर मात्र प्रत्येक ओळीत मध्यभागी वर चढतं आणि पुन्हा खाली येतं, दर वेळी तेवढंच. मग मी यादी केली. चौकट मध्ये वाकडी. वहीच्या रेघा मध्ये वाकड्या. दोरी मध्ये वाकडी. छापील शब्दात मधलं अक्षर नाही. चष्म्याचा मध्य सरकलेला. सुतार, वही छापणारा, वर्तमानपत्र आणि तुझं यंत्र या चौघांनी कट केलेला नाही. मागच्या सगळ्या गोष्टी एकाच जागी, एकाच तऱ्हेने वाकत असतील तर दोष त्या गोष्टींत नसतो, त्या आणि आपण यांच्यामध्ये काहीतरी असतं. मी पोट भरते ते एवढ्या एका गोष्टीवर. तुझ्या डाव्या डोळ्यात काहीतरी झालं आहे.

काच फिरव, मामा. उजवा उघडा ठेव, डावा मिट आणि दाराकडे बघ. दार सरळ होईल. मग डाव्याने बघ आणि नजर चौकटीवरून खाली आण. फुगवटा तुझ्या नजरेबरोबर खाली सरकेल. सुताराने बसवलेला फुगवटा चालू शकत नाही.

संताप कशाचा येतो सांगू? हीच तक्रार घेऊन कुणी तुझ्या दुकानात आलं असतं, तर तू चष्म्याला हात न लावता त्याला त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पिटाळलं असतंस. मी लहानपणी तुझ्या बाकावर बसून हे किती वेळा पाहिलं आहे. रेघा वाकड्या दिसतात असं म्हणणाऱ्याचा तू दंड धरून रस्त्यापर्यंत जायचास. पडद्याचं दुखणं आहे, एक आठवडासुद्धा थांबू नका, असं ओरडायचास. मग स्वतःच्या वेळी पाच आठवडे सुताराशी भांडत बसलास? मास्तरीणबाई पायरीवरून पडल्या असत्या तर?

इस्त्रीसाहेबांना माहीत नव्हतं आणि त्यांनी तपासलं नाही. तुला माहीत आहे आणि तू तपासत नाहीस. दोघांत जास्त वाईट कोण ते तूच ठरव.

हे पत्र मिळेल त्या दिवशी डॉक्टरकडे जा. उद्या नको. आकृती पाठवणार नाही. आधी डोळा दाखव, मग आकृती बघ.

लोभ मागत नाही. या वेळी ऐक, एवढंच.
भिंगरी


ता. २१ एप्रिल

चि. भिंगरीस,
मामीचे अ. आ. गुडघा दुखतो आहे, हे आधी लिहून टाकते.

तुझं पत्र मीच वाचून दाखवलं. हल्ली तुझं अक्षर फार बिघडलं आहे असं म्हणून ह्यांनी ते माझ्या हातात दिलं होतं. मी वाचत गेले आणि निम्म्यावर आले तेव्हा कळलं की काय वाचते आहे. थांबले नाही. शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं, सहीसकट. हे उठून दुकानात गेले आणि आतून कडी लावली.

दोन दिवस हे जेवणापुरतेच बाहेर आले. मला तुझाही राग आला होता, खोटं कशाला बोलू. आपल्या माणसाला असं उभं चिरतात का? मग ह्यांचा राग आला, कारण मलाही काही कळलं कसं नाही. चहाचा कप हे टेबलाच्या कडेवर ठेवायचे आणि पडला की मलाच ओरडायचे की टेबल सरकवलंस. मी पण वेडी, टेबल कुठे होतं ते आठवत बसायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चादरीच्या रेघांवर बोट ठेवलं आणि ह्यांचा उजवा डोळा माझ्या हाताने झाकला. म्हटलं, सांगा. आधी म्हणाले, सरळ आहेत. मी हात तसाच ठेवला. मग म्हणाले, नाहीत. एवढंच. मी चपला घातल्या. गुडघा दुखत होता तरी तीन थांबे बसमध्ये उभी राहिले, कारण रिकामी जागा होती ती पार मागे होती आणि मला ह्यांच्या जवळ राहायचं होतं. ह्यांच्या शेजारी बसलेला माणूस उठला नाही, त्याला मी उतरताना चांगलं सुनावलं.

डॉक्टरीणबाई तुझ्याएवढ्याच आहेत. त्यांनी डावा डोळा बराच वेळ पाहिला आणि आत पडद्याखाली पाणी साठलं आहे म्हणाल्या. लगेच त्याच दुपारी डोळ्यात इंजेक्शन दिलं. अजून दोन द्यायची आहेत, महिन्याच्या अंतराने. किती वाचेल ते शेवटच्यानंतर सांगतील. ह्यांनी वाटेत कुणालाच काही सुनावलं नाही, म्हणून मला फार भीती वाटते आहे.

तू रागावलीस ते बरं केलंस. पण आता पुरे. एक चांगलं पत्र पाठव.
तुझ्यावर माझी माया आहेच, तीही रागातच धर.
मामी


ता. २८ जून

चि. भिंगरीस,
मामाचे अ. उ. आ., एका डोळ्याने लिहिलेले.

तुझी तिन्ही चांगली पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं. निबंधावर पहिलं नाव तुझंच लागलं हे वाचलं. इस्त्रीसाहेब तिसऱ्या नंबरवर गेले, तेही वाचलं. दोनदा वाचलं.

तिसरं इंजेक्शन गेल्या आठवड्यात झालं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की उजवा ठीक आहे, त्याच्यावर दर आठवड्याला चौकटींचा कागद धरून लक्ष ठेवायचं. डाव्यातलं पाणी ओसरलं, आणखी बिघडणार नाही. पण मध्यभागी जो डाग बसला तो जाणार नाही. सहा आठवडे आधी आला असतात तर बसला नसता, असंही त्या म्हणाल्या. मी त्यांच्याशी वाद घातला नाही.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तू लिहिलंस की मला माहीत होतं आणि मी तपासलं नाही. ते अर्धंच बरोबर आहे. मी तपासलं होतं. चौकट बसवल्याच्या दुसऱ्याच दिवशी डाव्या डोळ्यात धूळ गेली म्हणून तो मिटून उजव्याने दाराकडे पाहिलं. दार सरळ होतं. पुन्हा डावा उघडला आणि दाराला पोट आलं. तिथेच कळलं, मला कुणी सांगायची गरज नव्हती. मग मी आत गेलो, पाणी प्यालो, बाहेर आलो आणि सुताराला निरोप धाडला की काम वाकडं झालं आहे, ताबडतोब ये. वाकडेपणा सुताराचा असेपर्यंत माझा डोळा चांगला होता. डाव्या डोळ्यावर मी चाळीस वर्षं काचेचा मध्य धरला, तो गेला तर दुकानात बसणारा मी कोण, हे मला कळेना. दुसऱ्यांना दंड धरून पिटाळणं सोपं असतं. मला माझी शरम वाटते. पहिल्यांदाच लिहितो आहे, तेव्हा नीट वाच.

मास्तरीणबाईंकडे जाऊन माफी मागितली आणि काचा नव्याने करून दिल्या, ठिपका पुढच्या गल्लीतल्या दुकानदाराकडून टाकून घेतला. तो हसला नाही, त्याबद्दल त्याचे आभार मानले. सुताराकडेही गेलो. हात जोडून म्हटलं, दार सरळ होतं, दोरी सरळ होती, मीच वाकडा. तो चुळबुळ करायला लागला. शेवटी म्हणाला की खरं सांगायचं तर खालची बिजागरी एक सूत बाहेर बसली आहे, तेव्हाच लक्षात आलं होतं, पण मी मध्यभागाबद्दल ओरडत होतो म्हणून तो खालचं बोलला नाही. म्हणजे तीन महिने हा माणूस गप्प बसला! मी त्याला जे काही ऐकवलं, ते ऐकून मामीला इतक्या दिवसांनी हसू आलं. बिजागरी त्याने उद्या बदलायची आहे.

आता शेवटचं. हे मामीला सांगितलेलं नाही, आणि पत्र टपालात मीच टाकणार आहे. काल दुपारी ती समोर बसून गुडघ्याला औषध चोळत होती. मी सहज उजवा डोळा मिटला आणि तिच्याकडे बघितलं. तिला चेहरा नव्हता. केस होते, कानातलं होतं, खांदे, हात, औषधाची बाटली, सगळं जागच्या जागी, आणि मध्ये, ती जिथे असायला हवी तिथे, नुसता राखाडी डाग. नजर बाजूला नेली की डाग नजरेबरोबर सरकायचा, तोंडाकडे आणली की पुन्हा तोंडावर. भिंगरी, मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. सुताराशी भांडत आणखी एक महिना काढला असता, आणि उजव्याचंही हेच झालं असतं, तर ती उरलेला सगळा जन्म अशी समोर बसली असती.

मी उजवा उघडला. ती माझ्याकडेच बघत होती. एवढं काय टक लावून बघता म्हणून करवादली, कपाळाला आठ्या, ओठ आवळलेले. मी पुन्हा मिटला नाही. संध्याकाळपर्यंत तिच्याकडे बघत बसलो, आणि ती संध्याकाळपर्यंत चिडत राहिली.

तू रागावलीस म्हणून तिचा चेहरा मला उरला. तो राग असाच असू दे, माझ्यावर लोभ असेल तोवर.
तुझा,
मामा